कोपऱ्यात उभ्या माणसाची किंमत

३१ ऑक्टोबर २०२५. दिल्लीच्या त्यागराज स्टेडियममध्ये प्रो कबड्डी लीगच्या बाराव्या पर्वाचा अंतिम सामना रंगला होता. मध्यंतराला मागे पडलेली पुणेरी पलटण उत्तरार्धात एकेक गुण टिपत दबंग दिल्लीच्या मानगुटीवर बसली होती. अस्लम इनामदारच्या संघाला आता एकच चांगली चढाई हवी होती. आदित्य शिंदे चढाईला गेला. त्या रात्री पुण्याचा गुणफलक हलता ठेवणारा तोच होता. आणि अगदी शेवटच्या क्षणांत दिल्लीच्या कोपऱ्यातून ३३ वर्षांचा एक इराणी गडी आत घुसला. पकड झाली. ३१-२८. करंडक दिल्लीचा.

त्या गड्याचं नाव फजल अत्राचली. कबड्डी बघणाऱ्यांना ते नवं नाही, लोक त्याला ‘सुलतान’ म्हणतात. पण पुढची गोष्ट आठवली की अजूनही अंगावर शहारा येतो. १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत वरळीच्या डोममध्ये याच लीगची नवव्या पर्वाची अंतिम लढत झाली होती. पलटणचा तो पहिला अंतिम सामना. जयपूर पिंक पँथर्सने तो ३३-२९ असा जिंकला. त्या दिवशी पलटणचा कर्णधार होता फजल अत्राचली. पर्व संपलं, पुण्याने त्याला मोकळं केलं, आणि तीन वर्षांनी त्याच माणसाने पुण्याच्या तोंडचा घास काढून घेतला.

आमच्या तळेगावात, म्हणजे ढमढेऱ्यांच्या तळेगावात, दाभाड्यांच्या नव्हे, पलटणचा सामना हा घरचा सामना असतो. शिक्रापूर आणि वाघोलीची वाहतूक पार करून बालेवाडीला पोचायचं म्हणजे अर्धा दिवस जातो, तरी पोरं जातात. त्या अंतिम सामन्यानंतर पारावर, दूध डेअरीवर, सलूनमध्ये एकच प्रश्न फिरत होता : फजलला ठेवायला नको होता का? निम्मे म्हणत होते, म्हातारा झालेला गडी किती दिवस पोसायचा. निम्मे म्हणत होते, असा कोपरा परत मिळत नसतो. मला हा वाद फार मोलाचा वाटतो, कारण जगभरचे मोठमोठे संघ दर वर्षी कोट्यवधी रुपये पणाला लावून नेमका याच प्रश्नाचं उत्तर शोधत असतात. करार संपलेला, वय झालेला, पण नाव आणि जाण असलेला आपला खेळाडू पुन्हा घ्यायचा की जाऊ द्यायचा? अमेरिकेतल्या बास्केटबॉलवाल्यांनी तर यासाठी एक अख्खं नियमशास्त्रच उभं केलं आहे. त्याकडे येऊच. आधी आपली कबड्डी.

प्रो कबड्डीचा लिलाव टीव्हीवर पाहिला असेल तर हातोडा, पाट्या आणि कोटींचे आकडे एवढंच लक्षात राहतं. खरी गंमत आहे ती थैलीत. प्रत्येक संघाकडे पूर्ण चमूसाठी ५ कोटी रुपये असतात आणि त्यात किमान १८ खेळाडू बसवावे लागतात. मालक अब्जाधीश असला तरी थैली तेवढीच. खेळाडूंचे अ, ब, क, ड असे गट असतात आणि त्यांची मूळ बोली ३०, २०, १३ आणि ९ लाखांपासून सुरू होते. शिवाय ‘फायनल बिड मॅच’ नावाचं एक कार्ड असतं. तुमच्याकडून खेळलेला खेळाडू लिलावात दुसऱ्याने घेतला, तर शेवटच्या बोलीइतकीच रक्कम मोजून तुम्ही त्याला परत घरी आणू शकता. आयपीएलमधल्या ‘राइट टू मॅच’सारखंच.

आता थैली मर्यादित आहे म्हटल्यावर काय होतं, ते हिशेबाने पाहा. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये, दहाव्या पर्वाच्या लिलावात, पलटणने मोहम्मदरझा शादलुई या इराणी बचावपटूवर २ कोटी ३५ लाख लावले. एकाच माणसावर एवढे गेले की उरलेल्या १७ जणांत २ कोटी ६५ लाख वाटायचे, म्हणजे डोई साधारण साडेपंधरा लाख. म्हणून थैलीच्या खेळात ‘हा खेळाडू चांगला आहे का?’ हा प्रश्नच अपुरा पडतो. त्याला घेतल्यावर बाकीचे कोण घेता येणार नाहीत, हा खरा प्रश्न. ज्येष्ठ खेळाडूबद्दल बोलताना लोक वय मोजतात. मोजायला हवी ती त्याच्यामुळे रिकामी राहणारी जागा.

आणि आकडे किती झपाट्याने वाढले! २०१४ साली पहिल्या लिलावात सगळ्यात महाग ठरला होता राकेशकुमार, पटणा पायरेट्सकडे, १२ लाख ८० हजारांना. नऊ वर्षांनी पवन सेहरावतला तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाख ५० हजार दिले. वीसपट! ज्या खेळात पूर्वी नोकरी लागली की आयुष्य मार्गी लागलं असं मानत, त्या खेळात एका चढाईपटूला एका मोसमाचे अडीच कोटी मिळतात. आमच्या भागातले जुने खेळाडू हा आकडा ऐकतात आणि क्षणभर बोलतच नाहीत.

तर २०२३ साली पुण्याने काय केलं? फजल डावा कोपरा सांभाळायचा. शादलुईही डावा कोपराच. एक ३१ वर्षांचा, दुसरा २३. दोघे एकाच देशाचे, आणि इराण हे कबड्डीतलं साधं नाव नाही : २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत उपांत्य फेरीत भारताला २७-१८ असं हरवून पुढे सुवर्ण नेलं ते त्यांनीच. पुण्याने जुना कोपरा गुजरात जायंट्सकडे १ कोटी ६० लाखांना जाऊ दिला आणि त्याच जागी नवा कोपरा जास्त पैसे मोजून आणला. लोकांनी तेव्हाही नावं ठेवली. पण १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवलं आणि पहिल्यांदा लीग जिंकली. शादलुईने त्या पर्वात ९९ पकडगुण मिळवले होते. माझं मत स्पष्ट आहे : तो निर्णय बरोबर होता. फजलबद्दल कितीही प्रेम असलं तरी बरोबरच होता.

पुढचं मात्र मला आजही कोडं वाटतं. करंडक हातात असताना पलटणने शादलुईलाही सोडलं. ऑगस्ट २०२४ च्या लिलावात हरियाणाने त्याला २ कोटी ७ लाखांना उचललं, पुण्याने कार्ड वापरलं नाही. त्या वर्षी हरियाणा विजेता ठरला, शादलुई पर्वाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि अंतिम सामना झाला कुठे? पुण्यात, बालेवाडीला, २९ डिसेंबरला. पलटण प्लेऑफपर्यंतही पोचली नव्हती. अस्लमची दुखापत हे त्याचं मोठं कारण होतं, ते विसरून चालणार नाही. पण ज्या लिलावात शादलुई गेला त्याच लिलावात फजल अवघ्या ५० लाखांना बंगाल वॉरियर्सकडे गेला. वर्षभरात किंमत तिसऱ्या हिश्शावर! त्या दिवशी डावा कोपरा रिकामा झालेल्या पुण्याने ते ५० लाख मोजायला हवे होते, असं मला वाटतं. कोणी म्हणेल, बंगालला तरी त्याचा काय उपयोग झाला, तेही प्लेऑफला पोचले नाहीत. खरं आहे. एकटा कोपरा संघ जिंकून देत नाही. तो काय देतो, हे समजून घ्यायला जरा मॅटवर उतरावं लागेल.

कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब, १० मीटर रुंद. म्हणजे एका संघाच्या वाट्याला साडेसहा मीटरचा तुकडा. त्यात सात जण हातात हात घालून उभे. चढाईला ३० सेकंद. चढाईपटू कुठेही जाऊ शकतो, बचाव करणाऱ्याला मात्र तो कुठे जाणार हे आधी कळावं लागतं. कोपऱ्यातला माणूस सगळ्यात बाहेर. चढाईपटू आत शिरला की तो त्याच्या पाठीमागे पडतो, आणि नेमक्या त्या जागेवरून तो खाली सूर मारून घोटा पकडतो. घोटा हातात आला की चढाईपटूचं सगळं बळ अडकतं, तोवर बाकीचे येऊन पडतात. पण वेळ पाव सेकंदाने चुकली तर? लवकर गेला तर चढाईपटू पाय उचलून गुण घेऊन परत. उशीर झाला तर हवेत हात. या कामात मांडीची ताकद लागतेच, पण त्याहून जास्त लागते ती चाहूल.

यात्रांच्या दिवसांत आमच्या शिरूर तालुक्यात कुस्त्यांच्या जोडीने कबड्डीचे सामने भरतात. अशा एका सामन्यात मी जाणूनबुजून चढाईपटूकडे पाहायचं सोडून एका संघाच्या उजव्या कोपऱ्याकडे पाहत बसलो होतो. चाळिशीकडे झुकलेला माणूस, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. त्याच्या शेजारी साखळीत विशी न ओलांडलेला पोरगा. चढाईपटू समोर नाचत होता, हाताने हुलकावण्या देत होता, खांदे हलवत होता. प्रेक्षकांची मान त्या हाताबरोबर डावी-उजवी होत होती. त्या माणसाची नजर मात्र हलतच नव्हती. ती होती चढाईपटूच्या मागच्या पायाच्या टाचेवर. टाच जमिनीला टेकलेली आहे तोवर तो पुढे येऊच शकत नाही, नुसता भास निर्माण करतो. टाच उचलली की वजन पुढच्या पायावर आलं. त्या क्षणी या माणसाने शेजारच्या पोराचा तळवा अंगठ्याने दाबला. दाबला आणि गेला. पोरगा त्याच क्षणी मागून धडकला. पुढच्या तीन-चार चढायांत मी त्यांचे हातच बघत होतो. दर वेळी आधी अंगठा, मग झेप. साखळी म्हणजे केवळ रांग धरणं असं मी समजत होतो. ती चक्क तारयंत्रणा होती!

शरीर असं आधीच कसं ओळखतं, याचा छडा लावणारा एक प्रयोग बास्केटबॉलवर झाला आहे, आणि तो वाचला तेव्हापासून माझी सामने पाहण्याची नजरच बदलली. रोममधल्या साल्वातोरे अग्लिओती यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००८ मध्ये ‘नेचर न्यूरोसायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यांनी फ्री थ्रोच्या चित्रफिती घेतल्या आणि त्या वेगवेगळ्या क्षणांवर कापल्या. काही चेंडू हातातून सुटण्याआधीच, काही सुटल्यावर. मग त्या तीन प्रकारच्या लोकांना दाखवल्या : अव्वल खेळाडू, प्रशिक्षक नि क्रीडा पत्रकार, आणि ज्यांचा या खेळाशी संबंध नाही असे. प्रश्न एकच, चेंडू जाळीत जाणार की नाही? प्रशिक्षक आणि पत्रकारांनी आयुष्यभर हजारो फ्री थ्रो पाहिलेले. तरी त्यांना अंदाज बांधायला चेंडूचा हवेतला मार्ग पाहावा लागला. खेळाडूंनी मात्र चेंडू हातात असतानाच, फेकणाऱ्याच्या अंगावरून आणि बोटांवरून ओळखलं. याहून पुढची गोष्ट अशी की मेंदूला चुंबकीय स्पंद देऊन मोजमाप केलं तेव्हा चुकणारी फेक पाहताना खेळाडूंच्या स्वतःच्या हाताच्या स्नायूकडे जाणारा संदेश वेगळाच उमटला. म्हणजे दुसऱ्याची चूक त्यांना डोळ्यांआधी आपल्या हातात कळत होती!

पाहून पाहून जे येत नाही ते करून करून येतं, आणि ते अंगात साठतं. त्याला वर्षं लागतात. दुसरीकडे वयानुसार पहिलं काय जातं, तर स्फोटक वेग. स्नायूंमध्ये झटपट आकसणारे आणि संथपणे टिकून राहणारे असे दोन प्रकारचे तंतू असतात, वय वाढतं तसे आधी झटपटवाले कमी होतात आणि बारीक होतात. तिशीनंतर धावपटूची पहिली दहा पावलं आधी मंदावतात, दम नंतर. आता हे दोन्ही समोरासमोर ठेवा. ज्याचं काम पहिल्या पावलावर चालतं, त्याचं वय लवकर दिसतं. ज्याचं काम समोरच्याचं पहिलं पाऊल ओळखण्यावर चालतं, त्याच्या बाजूने वय बराच काळ काम करतं.

हे नुसतं पुस्तकी नाही. २०१८ चा लिलाव घ्या. यू मुंबाने अनुपकुमारला जाऊ दिलं. अनुपकुमार म्हणजे पहिल्या पाचही पर्वांत मुंबईचा कर्णधार, २०१६ च्या विश्वचषकात भारताचा विजेता कर्णधार, बोनस रेषेवर पाय ठेवून हळूच माघारी जाणारा, कधी न चिडणारा गडी. पण चढाईपटू, आणि वय ३४. जयपूरने त्याला ३० लाखांना घेतलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, पर्व चालू असतानाच, त्याने निवृत्ती जाहीर केली. आणि ज्या लिलावात मुंबईने अनुपला सोडलं त्याच लिलावात तिने एका डाव्या कोपऱ्यासाठी १ कोटी मोजले. लीगमध्ये कोटीचा आकडा गाठणारा तो पहिला परदेशी खेळाडू. तो कोण? फजल अत्राचली! चढाईसाठी मुंबईने कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगडचा सिद्धार्थ देसाई हा नवखा पोरगा ३६ लाखांच्या आसपास उचलला, आणि त्याने त्या एका पर्वात चढाईचे दोनशेहून जास्त गुण घेतले. लिलावाच्या टेबलावर बसलेल्या माणसांना ‘चढाईत तारुण्य, कोपऱ्यात अनुभव’ हे पक्कं ठाऊक होतं असं दिसतं. अनुपच्या जाण्याने मुंबईकरांना झालेलं दुःख मात्र खरं होतं, आणि ते कुठल्या हिशेबात बसत नाही.

नियमांनीही कोपऱ्याला हात दिला आहे. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘करो या मरो’. तिथे चढाईपटूला काहीतरी करावंच लागतं, नाहीतर तो बाद. म्हणजे तो येणार हे ठरलेलं, फक्त कुठून हे ओळखायचं. आणि बचावाला तीन किंवा त्याहून कमी गडी उरलेले असताना पकड केली तर दोन गुण, अव्वल पकड. अशा वेळी धावपळ करणारा कामाचा नाही, थांबणारा कामाचा. फजलच्या नावावर लीगमध्ये ५०० हून जास्त पकडगुण आहेत. इतके कोणाचेच नाहीत. २०१५ ला यू मुंबाकडून, २०१६ ला पटण्याकडून आणि २०२५ ला दिल्लीकडून, असं तीन संघांकडून त्याने विजेतेपद घेतलं. पहिल्या आणि तिसऱ्याच्या मध्ये दहा वर्षं गेली.

पण थांबा. ज्येष्ठ बचावपटू ठेवावाच, असा नियम यातून निघत असता तर संघांना डोकं लावायची गरजच उरली नसती. इथे बाजाराचं एक विलक्षण गणित आड येतं. १९७० साली जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने जुन्या मोटारींवर एक शोधनिबंध लिहिला. विकणाऱ्याला गाडीतला दोष माहीत असतो, घेणाऱ्याला नसतो, म्हणून विक्रीला आलेल्या गाडीकडेच घेणारा संशयाने बघतो, असा त्याचा मुद्दा. त्यासाठी पुढे त्याला नोबेल मिळालं. खेळाडूंचंही तेच. गुडघ्याचा एमआरआय संघाच्या डॉक्टरने पाहिलेला असतो. सकाळी सरावाला उठताना तो कसा लंगडतो हे संघाच्या फिजिओला माहीत. म्हणून स्वतःच्याच संघाने एखाद्याला ठेवलं तर ती बातमी असते, आणि सोडलं तर तीही बातमीच. अमेरिकेत बेसबॉलच्या आकड्यांचा अभ्यास करणाऱ्यांना असंच आढळलं : करार संपल्यावर जुन्याच संघाने परत घेतलेले खेळाडू, नव्या संघाकडे गेलेल्यांपेक्षा जास्त टिकाऊ निघाले. घरच्यांना खरं माहीत असतं.

त्यात लिलावाचा स्वतःचा एक सापळा आहे. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या तेल कंपनीच्या तीन अभियंत्यांनी दाखवून दिलं की मेक्सिकोच्या आखातातल्या तेलक्षेत्रांच्या लिलावात जिंकणाऱ्या कंपन्यांना अनेकदा अपेक्षेपेक्षा कमी मिळतं. कारण सोपं आहे. दहा जण अंदाज बांधतात, कोणी कमी, कोणी जास्त. जिंकतो तो सगळ्यात जास्त अंदाज बांधणारा, म्हणजे बहुधा सगळ्यात जास्त चुकलेला. कबड्डीच्या लिलावात ‘फायनल बिड मॅच’ कार्ड असलेल्या संघाला यातून थोडी सुटका मिळते. किंमत इतरांनी ठरवायची, आपण फक्त हो किंवा नाही म्हणायचं. पण समोरचेही कच्चे नसतात. अमुक संघ या खेळाडूला परत घेणारच, असा सुगावा लागला की ते मुद्दाम बोली चढवतात, त्याची थैली हलकी करण्यासाठी. लिलावात चेहरा कोरा ठेवून बसलेल्या माणसांच्या मनात हे सगळं एकाच वेळी चाललेलं असतं.

मग सोडून दिलेला फजल शेवटची पकड कशी करतो? संगमनेर तालुक्यातला अजिंक्य रहाणे २०२३ च्या आयपीएलला केवळ ५० लाखांच्या मूळ किमतीत चेन्नईने घेतला आणि त्याने १७२ च्या गतीने ३२६ धावा केल्या, ते कसं? मला वाटतं, घरच्यांना गुडघा माहीत असतो, पण त्या खेळाडूने पुढे काय व्हायचं ठरवलंय हे दर वेळी माहीत नसतं. रहाणेने फटके बदलले. फजलला दिल्लीत संघ खांद्यावर घ्यायचा नव्हता. तिथे कर्णधार आशू मलिक, प्रशिक्षक जोगिंदर नरवाल, आणि चढाईला नीरज नरवाल नि आपला महाराष्ट्राचा अजिंक्य पवार. फजलने फक्त कोपरा सांभाळायचा होता. पुण्यात २०२२ ला त्याच्यावर १ कोटी ३८ लाखांचं आणि कर्णधारपदाचं ओझं होतं. तोच माणूस, तोच घोटा पकडणारा हात, पण मागणी वेगळी. ज्येष्ठाला ठेवायचं की नाही याचं उत्तर म्हणूनच त्याच्या जन्मतारखेत सापडत नाही. त्याला कोणतं काम, किती भावात देणार, यात ते असतं. चेन्नईने २०२५ साठी महेंद्रसिंग धोनीला ४ कोटींत राखलं, त्याच संघात पुण्याचा ऋतुराज गायकवाड १८ कोटींना होता. पाच वर्षं आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेल्याला कमी रकमेत राखण्याची सोय नियमात होती, म्हणून ते जमलं.

नियमाने जमतं, हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि आता अमेरिकेच्या बास्केटबॉलकडे जाऊ. एनबीएमध्ये १९८४-८५ पासून संघांच्या पगारावर मर्यादा आली. पण लगेच एक प्रश्न उभा राहिला. स्वतः वाढवलेला, चाहत्यांच्या गळ्यातला ताईत झालेला खेळाडू केवळ मर्यादेपायी गमवायचा का? म्हणून एक मुभा ठेवली : आपलाच खेळाडू परत घ्यायचा असेल तर मर्यादा ओलांडली तरी चालेल. बोस्टन सेल्टिक्सच्या लॅरी बर्डच्या नावाने ती आजही ओळखली जाते. इथवर ठीक. खरा चकित करणारा नियम दुसराच आहे. एनबीएत किमान पगार अनुभवागणिक वाढतो, दहा वर्षं खेळलेल्याचा किमान पगार नवख्यापेक्षा बराच जास्त. मग संघ म्हणणार, त्याच पैशात तरुण घेऊ! हे होऊ नये म्हणून लीगने काय केलं, तर किमान पगारावर एका वर्षाचा करार करणाऱ्या ज्येष्ठाच्या पगारातला दोन वर्षं खेळलेल्याच्या किमान पगारापेक्षा जो जास्तीचा भाग असेल, तो लीग स्वतः भरते, आणि संघाच्या मर्यादेतही तेवढा लहान आकडाच धरला जातो. म्हणजे अनुभवाची किंमत अख्खी लीग मिळून देते, एकट्या संघाच्या थैलीवर ती पडत नाही. एवढं शहाणपण एका नियमात कोंबलेलं मी क्वचितच पाहिलं आहे.

युडोनिस हॅस्लेम वीस वर्षं मायामी हीटकडून खेळला, २००३ ते २०२३, एकाच संघाकडून. त्याचं गावही मायामीच. शेवटची काही वर्षं या नियमाच्या सावलीत गेली, तो मैदानावर जेमतेम उतरायचा. संघ दर उन्हाळ्यात त्याला परत घ्यायचा आणि लोक विचारायचे, कशासाठी? तो बाकावर बसून तरुणांना सांगायचा, सरावात त्यांना अडवायचा, चुकलं की रागवायचा. आणि ९ एप्रिल २०२३ ला, नियमित मोसमाच्या शेवटच्या सामन्यात, वयाच्या ४२ व्या वर्षी त्याने २४ गुण केले!

आपल्या कबड्डीत असं का होऊ नये? लीगला दहा वर्षं उलटून गेली, आता दहा पर्वं खेळलेले गडी तयार झाले आहेत. माझं म्हणणं असं : जो खेळाडू दहा पर्वं खेळला, त्याला मूळ बोलीवर घेतलं तर संघाच्या थैलीतून फक्त ड गटाचे ९ लाख वजा व्हावेत, वरचे पैसे लीगने द्यावेत. अ गटातल्या ज्येष्ठाची मूळ बोली ३० लाख, म्हणजे थैलीत २१ लाख शिल्लक राहिले. तेवढ्यात ड गटातले दोन पोरगे येतात. ते शिरूर-दौंडकडचे असोत नाहीतर चंदगडचे, त्यांना साखळीत त्या ज्येष्ठाच्या शेजारी उभं करता येईल.